गाण्यांचे पहिले नंबर

वाचकहो, 'हे गाणे लोकांना फार आवडले' असे आपण सहज बोलून जातो. पण कोणत्या लोकांना? किती जणांना? आणि तुम्हाला हे कळले कसे? असे कोणी उलट विचारले, तर आपली थोडी पंचाईत होते. गाण्याची लोकप्रियता मोजायची म्हणजे नेमके काय मोजायचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात १९५२ हे साल मोठ्या मोलाचे आहे. त्या साली आधी लंडनमध्ये आणि मग कोलंबोमध्ये, अवघ्या १९ दिवसांच्या अंतराने, गाण्यांना नंबर मिळू लागले. पुढे तीनच वर्षांनी आपल्या पुण्यात अशी एक गीतमाला झाली की तिला नंबर देण्याची कोणाला गरजच वाटली नाही. या दोन घटना शेजारी शेजारी मांडून त्यांपासून काय कळते ते पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे.

प्रथम आपल्याकडची जुनी मापे घेऊ. संगीत नाटकाच्या ऐन भरात प्रेक्षकांच्या हाती एक हुकमी माप होते, ते म्हणजे 'वन्समोअर'. बालगंधर्वांचे पद संपते न संपते तोच प्रेक्षकांतून आरोळी उठे आणि तेच पद पुन्हा सुरू होई. कोणत्या पदाला किती वन्समोअर पडले, याची चर्चा दुसऱ्या दिवशी गावात चाले. दुसरे माप गणेशोत्सवातील मेळ्यांचे. नारायण पेठेतील केसरीवाड्याच्या गणेशोत्सवाशी सार्वजनिक उत्सवाचा इतिहास जोडलेला आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. त्या उत्सवांतून मेळ्यांची पदे गाजत; पदांच्या छापील पुस्तिका हातोहात जात; आणि गणपती विसर्जन झाल्यावरही जे पद पोराटोरांच्या तोंडी उरे, ते खरे गाजले असे समजत. पुढे ग्रामोफोन आला आणि तबकडीचा खप हे तिसरे माप निघाले. पण तो हिशेब राहिला कंपनीच्या वहीत. श्रोत्याला कळे ते एवढेच, की कोपऱ्यावरच्या हॉटेलात तीच तबकडी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजते आहे!

या जुन्या मापांचा गुण असा की मोजणारा आणि ऐकणारा एकाच जागी असत, त्यामुळे फसवणुकीला वाव थोडा. दोष असा की ते माप एका थिएटराचे, एका पेठेचे, फार तर एका शहराचे. साऱ्या देशाचा कौल दर आठवड्याला एका कागदावर उतरवायचा, ही कल्पनाच निराळी. तिला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे घरोघर वाजणारे यंत्र, आणि दुसरी, बरं का, या मोजणीचा खर्च सोसणारा कोणीतरी.

ब्रिटनमध्ये फार दिवस गाण्याची लोकप्रियता ठरे ती छापील स्वरलिपीच्या खपावरून. मध्यमवर्गीय घरात पियानो असे आणि आवडलेले गाणे लोक कागदावर विकत आणून स्वतः वाजवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर तबकड्यांचा प्रसार वाढला, तसे हे माप मागे पडू लागले. १९५२ मध्ये 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' या साप्ताहिकाने नवी युक्ती काढली. पत्राच्या जाहिरातींची बाजू सांभाळणारे पर्सी डिकिन्स यांनी तबकड्या विकणाऱ्या वीसेक दुकानांना टेलिफोन केले, कोणती तबकडी किती गेली ते विचारले आणि उत्तरांची बेरीज केली. १४ नोव्हेंबर १९५२ च्या शुक्रवारी ती यादी छापून आली. यादी पहिल्या १२ क्रमांकांची होती. पण काहींचा खप सारखा भरल्यामुळे तिच्यात प्रत्यक्षात १५ तबकड्या आल्या. पहिल्या स्थानावर अल मार्टिनो हा अमेरिकन गायक होता आणि तेथून तो नऊ आठवडे हलला नाही.

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर पत्राला जाहिराती मिळाव्यात म्हणून. ज्या कंपनीची तबकडी यादीत झळकेल ती त्या पत्रात जाहिरात देईल, हा साधा व्यापारी हिशेब त्यामागे होता. वीसेक दुकाने, एक टेलिफोन आणि एक बेरीज, एवढ्या भांडवलावर साऱ्या ब्रिटनची आवड ठरली, आणि लोकांनी ती मानलीही.

याच्याही आधी एक गोष्ट घडत होती. बी.बी.सी.वर जाहिरातींना मज्जाव होता. तेव्हा ब्रिटिश श्रोते रात्री काटा फिरवून रेडिओ लक्झेंबर्ग लावीत. या परक्या केंद्राला जाहिरातींचे वावडे नव्हते. उलट तेच त्याचे उत्पन्न. स्वरलिपीच्या खपावर आधारलेला 'टॉप ट्वेंटी' हा कार्यक्रम तेथून १९४८ पासून रविवारी रात्री होऊ लागला होता. घरच्या केंद्राने जे द्यायचे नाकारले ते सरहद्दीपलीकडून मिळू लागले. हे चित्र नीट ध्यानात ठेवा, कारण थोड्याच दिवसांत ते आपल्याकडे जसेच्या तसे उतरले.

१९५२ मध्ये डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. केसकर हे मराठी गृहस्थ, विद्वान आणि अभिजात संगीताचे कळकळीचे अभिमानी. राजेरजवाड्यांचा आश्रय संपला, आता संगीत जगवायचे तर ते सरकारी नभोवाणीनेच जगवले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. आकाशवाणीवरून अभिजात संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमांना त्यांच्या काळात जे स्थान मिळाले, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याच हाताने त्यांनी चित्रपटगीतांवर कात्री चालविली. गीतांचे प्रमाण कमी केले गेले. चित्रपटाचे नाव घोषित करणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून तेही गाळण्यात आले. निर्माते बिथरले, त्यांनी परवानगी काढून घेतली, आणि हिंदी चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशीच झाली.

मग श्रोत्यांनी काय केले? लक्झेंबर्गचीच पुनरावृत्ती! काटा फिरला आणि कोलंबो लागले. रेडिओ सिलोनचा लघुलहरी प्रक्षेपक महायुद्धाच्या काळात माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया सेनापतित्वासाठी उभारलेला, त्यामुळे त्याची ताकद मोठी. सैनिकांसाठी बांधलेले यंत्र आता दंतमंजनाच्या कामी आले. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, या रात्री सिबा कंपनीच्या बिनाका टूथपेस्टच्या जाहिरातीखाली 'बिनाका गीतमाला' हा कार्यक्रम सुरू झाला. निवेदक होते अमीन सयानी. त्यांना तेव्हा वयाची वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई आणि फिती विमानाने कोलंबोस जात.

आरंभी ती केवळ एक बक्षिसाची स्पर्धा होती. सात गाणी लावायची, श्रोत्यांनी त्यांचा नेमका क्रम पत्राने कळवायचा आणि बरोबर उत्तराला १०० रुपये. चाळीस-पन्नास पत्रे येतील अशा बेताने बसलेल्या मंडळींकडे पहिल्याच कार्यक्रमाला ९,००० पत्रे आली, असे सयानी पुढे सांगत. वर्ष-दीड वर्षात आठवड्याची पत्रे ६५,००० च्या घरात गेली. इतकी पत्रे फोडायची कोणी आणि वाचायची कोणी? अखेर १९५४ च्या डिसेंबरात स्पर्धा बंद करून तासाभराची क्रमवार गीतमाला सुरू झाली. तबकड्यांच्या दुकानांतील विक्री आणि गावोगावच्या श्रोतासंघांचे कौल यांवरून क्रम लागू लागला. सयानी त्याला नंबर म्हणत नसत; ते म्हणत 'पायदान', म्हणजे पायरी. या एका शब्दाने रुक्ष आकडा जिन्यासारखा डोळ्यांपुढे उभा राहिला आणि कोणते गाणे चढले, कोणते घसरले, याची हुरहुर खेडोपाडी लागली. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिले आले ते 'अनारकली' चित्रपटातील लता मंगेशकर यांचे गाणे. संगीत होते सी. रामचंद्रांचे, म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचे. मराठी मंत्र्याने दाराबाहेर ठेवलेल्या गाण्यांत मराठी संगीतकार आणि मराठी गायिका पहिल्या पायरीवर, अशी ही मौज!

येथपर्यंतची कथा ऐकून कोणी म्हणेल, की लोकांचा कौल जिंकला आणि सरकार हरले. एका अर्थी ते खरेच आहे. श्रोत्याला काय हवे ते न विचारता त्याच्या हिताचे म्हणून जे दिले जाते, त्याला तो काटा फिरवून उत्तर देतो. पण म्हणून यादीला तरी डोळे झाकून कौल मानावा काय? १९६३ चे एक उदाहरण पाहा. बीटल्स या चमूची ब्रिटनमधील दुसरी तबकडी त्या वर्षी निघाली. 'न्यू म्युझिकल एक्स्प्रेस' आणि 'मेलडी मेकर' या पत्रांच्या यादीत ती पहिली आली, आणि 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी पत्राच्या यादीत दुसरी. तबकडी तीच, देश तोच, आठवडेही तेच. दुकाने निराळी आणि बेरजेची रीत निराळी, म्हणून नंबर निराळा. ब्रिटनमध्ये बी.बी.सी. आणि व्यापारी यांनी मिळून एक सर्वमान्य यादी करवून घेतली ती १९६९ साली. तोपर्यंत 'पहिला नंबर' म्हणजे कोणाचा पहिला नंबर, हे विचारावेच लागे.

दुसरी मर्यादा याहून खोल आहे. यादी मागे पाहते. गेल्या आठवड्यात जे दुकानात होते त्यातून लोकांनी काय उचलले, ते ती सांगते. दुकानात जे आलेच नाही, जे अजून कोणी रचलेच नाही, त्याबद्दल ती मुकी असते. हे पटवून घ्यायला आता आपण कोलंबोहून पुण्याला येऊ.

आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९५३ रोजी. चित्रपटगीतांची जागा भरून काढण्यासाठी केंद्राकेंद्रांतून सुगम संगीताची निर्मिती व्हावी, चांगल्या कवींकडून गीते लिहवून घ्यावीत, असे धोरण त्या काळी होते. पुष्कळ केंद्रांवर या धोरणातून निघालेली गाणी आली तशी गेली. पुण्यात मात्र केंद्राचे सीताकांत लाड यांनी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांना वर्षभर चालेल अशी एक गीतमाला मागितली आणि माडगूळकरांनी रामकथा घेतली. चाली सुधीर फडके यांच्या. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमीच्या सकाळी पहिले गीत प्रसारित झाले. दर आठवड्याला एक नवे गीत आणि त्याचे पुनःप्रसारण, असा क्रम बांधला. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला. रामनवमी ते रामनवमी हे अंतर लांबले आणि गीतांची संख्या ५६ झाली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस मालिका संपली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, योगिनी जोगळेकर, राम फाटक, बबनराव नावडीकर, गजानन वाटवे, ललिता फडके असे किती तरी आवाज तीत लागले.

आता विचार करा, की १९५५ च्या आरंभी मराठी श्रोत्यांची यादी करून 'तुम्हाला कोणते गाणे हवे?' असे विचारले असते, तर गीतरामायण कोणी मागितले असते का? रामाची गोष्ट घरोघर ठाऊक, कीर्तनांतून ऐकलेली, त्यात नवे ते काय, असेच पुष्कळांनी म्हटले असते. मागणी नव्हती, कारण वस्तूच नव्हती. ती एका अधिकाऱ्याच्या विश्वासातून, एका कवीच्या लेखणीतून आणि एका संगीतकाराच्या कष्टांतून दर आठवड्याला नव्याने घडत गेली. आणि ज्या धोरणाने श्रोते कोलंबोला घालवले, त्याच धोरणाच्या सावलीत हे रोप वाढले. केसकरांच्या धोरणाचा हिशेब मांडताना या दोन्ही रकमा मांडाव्या लागतात.

मालिका लोकांना आवडली हे कशावरून कळले? पुन्हा जुनीच मापे उपयोगी पडली. प्रसारणाच्या वेळी ज्या घरी रेडिओ असे तेथे शेजारीपाजारी जमत. काही घरांत रेडिओला हार घालून उदबत्ती लावीत. पुण्याची वृत्तपत्रे नव्या गीताचे शब्द छापू लागली. हा जणू मेळ्याच्या पुस्तिकेचाच नवा अवतार! मालिकेतल्या गीतांची आपसांत स्पर्धा नव्हती. या आठवड्यातले गीत चढले आणि मागचे घसरले, असे म्हणायला जागाच नव्हती, कारण मागच्या गीताशिवाय पुढच्याला अर्थ नव्हता. पायऱ्या येथेही होत्या, पण त्या क्रमाने चढायच्या होत्या. १९७९ मध्ये केसरीवाड्यापासून हाकेच्या अंतरावरील रमणबाग शाळेत गीतरामायणाचा रौप्यमहोत्सव आठ दिवस चालला. माडगूळकर त्याआधी १९७७ मध्ये निवर्तले होते.

तथापि, पुण्याच्या या यशाचे कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरून चालणार नाही. १९५५-५६ चे ते वर्ष महाराष्ट्रात नुसते रामनवमीचे नव्हते. ते संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाचे वर्ष होते. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. त्या आंदोलनाच्या मैदानांवर शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांची कवने हजारो माणसे उभ्याने ऐकत होती. वामनदादा कर्डकांसारखे गायक आंबेडकरी चळवळीची गाणी वस्तीवस्तीत पोहोचवीत होते. तमाशाच्या फडांत लावणीला वन्समोअर पडतच होते. ही गाणी कोलंबोच्या पायदानावर नव्हती, कारण ती हिंदी चित्रपटांतली नव्हती. आणि आकाशवाणीच्या सकाळच्या सभेत तरी त्यांना कोठे जागा होती? ज्याच्या घरी रेडिओ आहे त्याची आवड वृत्तपत्रात उमटली; ज्याच्या गावात तबकड्यांचे दुकान आहे त्याची आवड यादीत उमटली. ज्याच्याकडे दोन्ही नाही, तो बिचारा गात राहिला, पण मोजला गेला नाही. त्या वर्षीचे महाराष्ट्राचे गाणे कोणते, याचे उत्तर देताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे तिन्ही आवाज एकत्र ऐकावे लागतात. एकाच्याच कागदपत्रांवर विसंबलो तर आपण फक्त कागद ठेवू शकणाऱ्यांचा इतिहास लिहितो.

सरकारलाही पुढे शहाणपण आले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीने 'विविध भारती' सुरू केली आणि चित्रपटगीते सन्मानाने घरी परतली. योगायोग असा, की त्याच दिवशी विजयादशमी होती आणि त्याच मुहूर्तावर केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायणाचे पुस्तक प्रसिद्ध केले. श्रोत्यांनी जे मागितले होते ते, आणि जे त्यांनी मागितले नव्हते पण मिळाल्यावर सोडले नाही ते, अशा दोन्ही गोष्टी सरकारने एकाच दिवशी दिल्या. आपण काय दिले, हे देणाऱ्यांच्या त्या दिवशी ध्यानात आले असेलच असे नाही!

गीतमालाही पुढे १९८९ मध्ये विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत चालली. अमीन सयानी २०२४ च्या फेब्रुवारीत निवर्तले. आता मोजणीची रीत पार बदलली आहे. ब्रिटनच्या यादीत २०१४ पासून इंटरनेटवर गाणे किती वेळा ऐकले गेले तेही धरतात. आपल्या खिशातल्या फोनवर तर गाणे लागताच एक आकडा आपोआप पुढे सरकतो. डिकिन्सना वीस दुकानांना टेलिफोन करावे लागले, आता कोणी कोणाला विचारतसुद्धा नाही. पण १९५२ चे दोन प्रश्न जागच्या जागीच आहेत. ही मोजणी कोणाच्या खर्चाने चालली आहे, आणि तीत कोण मोजलेच गेले नाही?

वाचकहो, आपल्यापुरते एक काम मात्र आपण सर्वांना करता येण्यासारखे आहे. घरातील वडीलधाऱ्यांना, गावाकडच्या आत्या-मावश्यांना जरा निवांत गाठा आणि विचारा, की १९५५-५६ च्या सुमारास तुमच्या घरी, रानात, जात्यावर, गिरणीच्या पाळीवर कोणती गाणी म्हणत असत. ती सन-साल आणि गावाच्या नावानिशी वहीत उतरवून ठेवा. त्या काळचे साक्षीदार आता थोडे उरले आहेत. पहिल्या नंबरची गाणी नोंदलेली आहेत, ती कोठे जात नाहीत. ज्यांना कधी नंबर मिळाला नाही, ती गाणी मात्र या माणसांबरोबरच जातील. तेवढी वही भरली, तर त्या वर्षाचा इतिहास आजच्याहून पुष्कळ पुरा होईल.